भिंगाची परीक्षा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

फोटो ‘शार्प’ आला आहे, असे आपण सहज म्हणतो. लग्नाचा अल्बम चाळताना म्हणतो, मोबाइलच्या पडद्याकडे पाहतानाही म्हणतो. पण शार्प म्हणजे नेमके काय आणि ते मोजायचे कशाने, असे कोणी विचारले तर उत्तर चटकन सुचत नाही. भिंगे बनवणाऱ्यांकडे मात्र एक उत्तर फार पूर्वीपासून होते, आणि उत्तरादाखल आकडाही होता. तो आकडा खोटा नव्हता, पण पुरेसा नव्हता. हे लक्षात यायला विसावे शतक जवळजवळ निम्मे सरावे लागले, आणि ते लक्षात आणून दिले टेलिव्हिजनच्या कारखान्यातल्या एका इंजिनियरने. त्याची गोष्ट आज सांगायची आहे.

सुरुवात आकाशापासून करू. दुर्बीण चांगली की सुमार हे ठरवण्याची जुनी रीत म्हणजे जोडतारे पाहणे. अगदी जवळजवळ असलेले दोन तारे दुर्बिणीतून वेगळे दिसले की दुर्बीण पास. विल्यम रटर डॉझ या इंग्रज धर्मोपदेशकाने आयुष्यभर असे तारे न्याहाळले आणि १८६७ साली एक साधा नियम दिला: ४.५६ या आकड्याला दुर्बिणीच्या व्यासाच्या इंचांनी भागा. तेवढ्या विकलांच्या अंतरावरचे दोन तारे तुम्हाला वेगळे दिसतील. सहा इंची दुर्बिणीला पाऊण विकला. हौशी आकाशनिरीक्षक हा नियम आजही वापरतात.

आता याच्याशी ताडून एक घटना पाहा. मृग नक्षत्राजवळ लखलखणारा व्याध आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. तो आपल्या वाटेने सरळ न जाता किंचित हेलकावत जातो, तेव्हा त्याला कोणीतरी अदृश्य जोडीदार असला पाहिजे, असे जर्मन ज्योतिर्विद बेसेल याने १८४४ साली सांगितले. पण तो जोडीदार कोणाला दिसेना. शेवटी ३१ जानेवारी १८६२ रोजी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये अल्व्हन ग्रॅहम क्लार्क हा तरुण भिंगकार वडिलांच्या कारखान्यात घडवलेले साडेअठरा इंच व्यासाचे नवे भिंग व्याधावर रोखून तपासत होता. त्याला व्याधाशेजारी एक बारीकसा ठिपका दिसला. तोच तो जोडीदार. गंमत अशी, की दोघांत त्या वेळी सुमारे दहा विकलांचे अंतर होते. डॉझच्या हिशेबाने ते दोन इंची दुर्बिणीतूनही वेगळे दिसायला हवेत! मग ते इतकी वर्षे का दिसले नाहीत? कारण व्याध त्या जोडीदारापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी तेजस्वी आहे. त्याच्या भोवती सांडलेल्या उजेडात तो बिचारा बुडून गेला होता.

म्हणजे दोन गोष्टी वेगळ्या आहेत. बारीक तपशील सुटा करून दाखवणे ही एक. आणि उजेडाशेजारचा अंधार अंधारच ठेवणे, त्यावर उजेड सांडू न देणे, ही दुसरी. या दुसऱ्या गोष्टीला फोटोग्राफर कॉन्ट्रास्ट म्हणतात. मी उठाव म्हणेन. एकोणिसाव्या शतकात मोजमाप झाले ते मुख्यतः पहिल्या गोष्टीचे.

ते किती ईर्ष्येने झाले, हे सूक्ष्मदर्शकांच्या जगात पाहावे. तिथले हौशी लोक आधी डायाटम नावाच्या सूक्ष्म वनस्पतींची कवचे परीक्षेला घेत. त्या कवचांवर निसर्गानेच अतिशय बारीक नक्षी कोरलेली असते. पण निसर्गाची नक्षी एकसारखी नसते. तुमचे कवच आणि माझे कवच वेगळे, मग तुलना कशी करायची? बाल्टिक समुद्राकाठच्या बार्ट या गावी फ्रीडरिश नोबर्ट नावाचा घड्याळजी होता. त्याने स्वतः यंत्र बनवले आणि १८४५ च्या सुमारास काचेवर हिऱ्याच्या टोकाने रेषांचे पट्टे आखून विकायला सुरुवात केली. प्रत्येक पट्ट्यातल्या रेषा आधीच्या पट्ट्यापेक्षा अधिक दाट. त्याच्या एकोणीस पट्ट्यांच्या काचेत शेवटच्या पट्ट्याच्या रेषा इतक्या दाट होत्या, की एका मिलिमीटरमध्ये सुमारे ४४०० मावतील. साधा घड्याळजी, हाताने चालवायचे यंत्र, आणि हे काम! मला या माणसाचे फार कौतुक वाटते.

मग चढाओढ लागली. कोणाच्या सूक्ष्मदर्शकाला कितवा पट्टा ‘सुटतो’ यावर वाद झाले. अमेरिकी सैन्यातील डॉक्टर जोसेफ वुडवर्ड यांनी वॉशिंग्टनच्या लष्करी वैद्यकीय संग्रहालयात काम करताना एकोणिसाव्या पट्ट्याची छायाचित्रे घेऊन तो सुटतो हे दाखवून दिले. नोबर्टने पुढे याहूनही दाट, दुप्पट दाट रेषांची काच काढली. ते शेवटचे पट्टे दिसेनात, आणि दिसणारही नव्हते. १८७३ साली येना इथल्या अर्न्स्ट आबे याने त्याचे कारण सांगितले: प्रकाश ही लाट आहे, आणि त्या लाटेच्या लांबीच्या साधारण निम्म्याहून बारीक रचना कोणतेही भिंग, कितीही उत्तम घासले तरी, सुटी करू शकत नाही. नोबर्टच्या हिऱ्याने प्रकाशाला मागे टाकले होते.

छायाचित्रणातही पुढे हाच मापदंड आला. काळ्या-पांढऱ्या रेषांचा तक्ता टांगायचा, फोटो काढायचा, आणि दर मिलिमीटरला किती रेषा सुट्या दिसतात ते मोजायचे. विभेदनक्षमता असे भारदस्त नाव तिला मिळाले. दुसऱ्या महायुद्धात आकाशातून टेहळणी करणाऱ्या कॅमेऱ्यांना महत्त्व आले, आणि १९५१ साली अमेरिकी हवाई दलाने एक तक्ता ठरवून दिला. तीन आडव्या, तीन उभ्या पट्ट्या. मग तशाच, पण सुमारे अकरा टक्क्यांनी लहान. मग आणखी लहान. हा तक्ता आजही प्रयोगशाळांत सापडतो. त्याचीच भलीमोठी भावंडे कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात जमिनीवर रंगवलेली आहेत, विमानांतल्या कॅमेऱ्यांसाठी.

या परीक्षेत खोट कुठे होती? ‘सुट्या दिसतात’ म्हणजे कोणाला दिसतात, हा पहिला प्रश्न. दोन माणसे बसवली तर दोन उत्तरे येत. दुसरे म्हणजे, तक्ता शुद्ध काळा-पांढरा. पण विमानातून दिसणारी जमीन धुळकट, धुक्याआडची, करड्यावर करडी. आणि सर्वांत मोठी खोट ही, की सगळी परीक्षा अगदी शेवटच्या टोकाची. एखाद्या गायकाची परीक्षा आपण तार सप्तकातला कोणता सूर त्याला जेमतेम लागतो, एवढ्यावरून घेतो का? तो गातो मध्य सप्तकात. तिथे सूर भरदार लागतो की फिका, हे कोण पाहणार? भिंगाचेही तसेच. माणसाचा चेहरा, झाडाची पाने, साडीचा काठ हे काही शेवटच्या टोकाचे तपशील नव्हेत. ते मधल्या पट्टीतले असतात. तिथे उठाव गेला, तर शेवटची रेषा सुटी दिसूनही फोटो मलूल वाटतो.

ही गोष्ट गाणे-वाजवणे पोहोचवणाऱ्या धंद्यातल्या माणसाला सुचावी, हे मला अगदी साहजिक वाटते. ऑटो शेड हा मूळचा जर्मन, तरुणपणी अमेरिकेत आलेला इंजिनियर. आरसीए या रेडिओ आणि टेलिव्हिजन बनवणाऱ्या कंपनीत, न्यू जर्सीमध्ये, तो काम करत होता. टेलिव्हिजनचे चित्र एका साखळीतून जाते: आधी भिंग, मग कॅमेऱ्याची नळी, मग अॅम्प्लिफायर, आणि शेवटी घरातल्या संचाची चित्रनळी. चित्र धूसर आले तर दोष कोणत्या कडीचा? अॅम्प्लिफायरवाल्यांकडे याचे उत्तर तयार असे. त्यांच्याकडे आलेख असायचा: खर्जाचा आवाज इतका पुढे जातो, मधला इतका, टिपेचा इतका. लहान ट्रान्झिस्टरवर तबल्याचा डग्गा का ऐकू येत नाही, हे त्या आलेखावरून कळते. भिंगवाल्यांकडे मात्र एकच आकडा, इतक्या रेषा प्रति मिलिमीटर. आलेखाशी या आकड्याचा गुणाकार करायचा तरी कसा?

शेडने भिंगालाच अॅम्प्लिफायर मानले. १९४८ साली त्याने आपले विवेचन प्रसिद्ध करायला सुरुवात केली. कल्पना अशी. भिंगासमोर टोकदार काळ्या-पांढऱ्या पट्ट्या न ठेवता, पांढऱ्याकडून करड्याकडे, करड्याकडून काळ्याकडे आणि परत, अशा हळूहळू चढत-उतरत जाणाऱ्या लाटा ठेवायच्या. अशी लाट भिंगातून गेली की लाटच राहते, तिचा आकार मोडत नाही. फक्त तिची उंची कमी होते: काळे थोडे करडे होते, पांढरे थोडे मळते. मूळ उठावापैकी किती शिल्लक राहिला, ते टक्क्यांत लिहायचे. आधी रुंद लाटा, मग अरुंद, मग त्याहून अरुंद. प्रत्येक रुंदीला एक टक्केवारी, आणि सगळ्या मिळून एक उतरता आलेख. आणि साखळीचे कोडे सोपे झाले. समजा, अमुक एका बारीकपणाच्या लाटेचा ८० टक्के उठाव भिंगाने राखला, कॅमेऱ्याच्या नळीने त्यातला ७० टक्के आणि चित्रनळीने ६० टक्के. तर गुणाकार करा, शेवटी तिसरा हिस्सा उरला. कोणती कडी सुधारली तर किती फायदा, हे कागदावर दिसू लागले. या आलेखाचे इंग्रजी नाव मॉड्युलेशन ट्रान्सफर फंक्शन. धंद्यातले लोक नुसते एमटीएफ म्हणतात.

त्यामागचे गणित फार जुने. कोणताही आकार वेगवेगळ्या रुंदीच्या लाटांची बेरीज म्हणून मांडता येतो, हे फ्रान्समध्ये फूरिए याने १८२२ सालच्या आपल्या ग्रंथात, तेही उष्णता कशी पसरते ते सांगताना, मांडले होते. ते भिंगांना रीतसर लावण्याचे काम पियर-मिशेल दुफिय याने केले. त्याचे पुस्तक १९४६ साली निघाले. दोघांची गाव-पेठ निराळी, एक प्राध्यापक, एक कारखान्यातला. पण पोहोचले एकाच ठिकाणी.

यातून भिंगकारांना एक अवघड निवड उघडपणे करावी लागली. भिंगात थोडाफार दोष उरतोच. तो दोन तऱ्हांनी वाटता येतो. एका तऱ्हेत प्रत्येक बिंदूचे चित्र म्हणजे मधोमध अगदी बारीक टोक, पण भोवती उजेडाचे पसरट वलय. रेषांच्या परीक्षेत हे भिंग पहिले येते. दुसऱ्या तऱ्हेत टोक थोडे जाड, पण वलय आवरलेले. परीक्षेत याचे गुण कमी, फोटोत मात्र हे उजवे. जुन्या एका आकड्याने पहिल्यालाच बक्षीस दिले असते. पुढे चांगल्या कंपन्या आपल्या भिंगांबरोबर असे आलेख छापू लागल्या. आजच्या मोबाइलच्या जाहिरातींत मेगापिक्सेलचा एकच आकडा मोठ्या अक्षरांत झळकतो, तेव्हा आपण पुन्हा डॉझच्या काळात गेलो की काय, असे मला वाटते.

आपल्या डोळ्यांतही भिंग आहे, आणि त्याची परीक्षाही वर्षानुवर्षे तशीच होत आली. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे टांगलेला, खाली खाली लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता हॉलंडमधल्या हर्मन स्नेलेन याने १८६२ साली आणला. तक्ता उत्तम आहे, पण त्यातली अक्षरे काळीकुळकुळीत आणि मागचा कागद पांढराशुभ्र. माझ्या आत्या सत्तरीत तक्त्याची शेवटून दुसरी ओळ धडाधड वाचत. पण दिवेलागणीला जिन्याची पायरी त्यांना दिसत नसे, आणि दारात उभ्या असलेल्या माणसाला त्या आवाजावरून ओळखत. घरातल्यांना वाटे, वयाचा विसरभोळेपणा. तो होता मोतीबिंदू. मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग गढूळ होते आणि उजेड सगळीकडे सांडते. बारीक काळे अक्षर कदाचित सुटते, पण करड्या पायरीवरची करडी कड हरवते. केंब्रिजमध्ये कॅम्पबेल आणि रॉब्सन यांनी १९६८ साली शेडच्यासारख्याच लाटा दाखवून माणसाच्या नजरेचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्याच रॉब्सन यांनी डेनिस पेली यांच्याबरोबर १९८८ साली नवा तक्ता काढला. त्यातली सगळी अक्षरे एकाच आकाराची. फक्त खाली खाली ती फिकट होत जातात, शेवटी कागदात विरून जातात. कोणाला कुठपर्यंत वाचता येते, ते पाहायचे.

उजेड सांडण्याची सर्वांत महागडी गोष्ट मात्र अवकाशात घडली. हबल दुर्बीण एप्रिल १९९० मध्ये वर गेली. तोवरचा खर्च सुमारे दीड अब्ज डॉलर. जूनमध्ये नासाला जाहीर करावे लागले की २.४ मीटर व्यासाचा मुख्य आरसा चुकीच्या आकाराचा घासला गेला आहे. कडेला तो हवा त्याहून २.२ मायक्रॉनने सपाट होता. केसाच्या जाडीचा तो तिसावा-चाळिसावा भाग. ताऱ्याचा ७० टक्के प्रकाश एक दशांश विकलेच्या आत यायला हवा होता, आला फक्त १५ टक्क्यांच्या आसपास. बाकीचा भोवतीच्या वलयात. वर सांगितलेले ‘बारीक टोक, पसरट वलय’ ते हेच! आणि म्हणूनच गंमत पाहा: त्याच वर्षी याच सदोष हबलने प्लूटो आणि त्याचा चंद्र शॅरन सुटे दाखवले. डॉझच्या परीक्षेत हबल पास झाली असती. पण फिकट दीर्घिका, तेजस्वी ताऱ्याच्या शेजारचा मंद तारा, म्हणजे ज्यासाठी ती वर पाठवली ते सगळे, वलयात बुडत होते.

चूक कशी झाली, हे चौकशी समितीच्या अहवालात आहे. आरसा तपासण्यासाठी एक खास उपकरण बनवले होते. त्यातल्या भिंगाचे अंतर ठरवायला एक दांडी वापरली. दांडीच्या टोकावर टोपण होते. टोपणाचा काळा रंग एका जागी उडाला होता, आणि मोजणीचा प्रकाशकिरण दांडीच्या टोकाऐवजी त्या उघड्या धातूवरून परतला. अंतर १.३ मिलिमीटरने चुकले. भिंग जागेवर बसेना, तेव्हा मध्ये साध्या वॉशर घालून ते बसवले. मग त्या चुकीच्या उपकरणाबरहुकूम आरसा अतिशय, अतिशय अचूक घासला गेला. दुसऱ्या, साध्या उपकरणाने दोष दाखवलाही होता. पण ते कमी अचूक म्हणून त्याचे ऐकले नाही. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी जाऊन छोट्या आरशांचा ‘चष्मा’ आणि आतूनच दुरुस्ती केलेला नवा कॅमेरा बसवला, तेव्हा वलय आवरले.

आरसा तपासायला नेहमीच इतका खटाटोप लागतो असे नाही. पुण्यात आयुकामध्ये हौशी मंडळींसाठी दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळा झाल्या. त्यातल्या एकीत मी सहा इंची आरसा घासला आहे. तपासणीचे साहित्य म्हणजे बारीक फटीआडचा एक दिवा आणि दाढीचे पाते. आरशावरून परतणारा प्रकाश जिथे एकवटतो तिथे पाते हळूच आडवे सारायचे, आणि मागून डोळा लावायचा. आरशावरचे उंच-सखल डोंगर-दऱ्यांसारखे उभे राहते. आरशाला बोटाने क्षणभर स्पर्श करा, त्या उबेने काच फुगते आणि तेवढ्या जागी टेंगूळ आलेले दिसते. उंची केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाइतकी असेल. ही युक्ती १८५८ सालची, लिऑन फूकोची. लंबकाने पृथ्वीचे फिरणे दाखवणारा तोच तो फूको.

पात्याच्या कडेवरून आठवले. कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी ठिपक्यांची पट्टी आली, तेव्हा शेडच्या लाटांचे तक्ते छापण्याची कटकटही पुष्कळशी संपली. काळ्या-पांढऱ्याची एक सरळ, पण थोडी कललेली कड पुरते. कललेली अशासाठी, की ठिपक्यांच्या प्रत्येक ओळीत ती थोडी थोडी सरकलेली उतरते, आणि सगळ्या ओळी एकत्र केल्या की ठिपक्याहूनही बारीक मोजता येते. काळ्यातून पांढऱ्यात जायला चित्राला किती जागा लागते, यावरून गणिताने सगळा आलेख काढता येतो. २००० साली ही रीत आंतरराष्ट्रीय मानकात आली.

उपग्रहातल्या कॅमेऱ्यांना याचा फार उपयोग, कारण एकदा वर गेलेल्या कॅमेऱ्यासमोर तक्ता कोण टांगणार? भारताचा आयआरएस-१सी डिसेंबर १९९५ मध्ये वर गेला तेव्हा त्याच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवरचे ५.८ मीटर दाखवत असे, आणि तेव्हाच्या नागरी उपग्रहांत हा सर्वांत बारीक आकडा होता. पण असा आकडा म्हणजे पुन्हा रेषांचीच परीक्षा. शेतातल्या उसाची आणि शेजारच्या पडीक जमिनीची कड किती मळून उतरते, ते त्यात येत नाही. ते पाहायला जमिनीवरच कड शोधावी लागते. शेताचा बांध, धावपट्टी, मैदानात अंथरलेली काळी-पांढरी ताडपत्री.

१९९९ साली गेलेल्या अमेरिकेच्या लँडसॅट-७ या उपग्रहासाठी तर एक पूलच निवडला होता. लुइझियाना राज्यात पाँचरट्रेन सरोवरावर सुमारे अडतीस किलोमीटर लांबीचा पूल आहे. खरे तर ते शेजारी शेजारी धावणारे दोन पूल आहेत. रुंदी माहीत, मधले अंतर माहीत, आणि खाली गडद पाणी. लँडसॅटच्या सर्वांत बारीक पट्ट्यात एक ठिपका १५ मीटरचा होता, तर दोन पुलांच्या मधली फट सुमारे २४ मीटरची. उपग्रह त्या सरोवरावरून जाई, आणि खाली बसलेले लोक पाहत, की या खेपेला दोन पुलांमधले पाणी किती काळे उतरले आहे.